जोडाची हलकी

द्वारके,

आक्का आज परत आली होती. माझीच मोठी बहीण, पण दारात चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली. "दिलीस काय रे ती?"

म्हटलं, नाही दिली.

"मग देणार कधी? महिना भरत आला. गेलेल्या माणसाचा अंथरूण-पांघरूण घरात ठेवतात काय? चटई दिलीस, उशी दिलीस, छत्री दिलीस, चपला दिल्यास. ह्या एकाच चिंधीवर तुजा एवढा काय जीव?"

चिंधी म्हणाली. तुझ्या हलकीला चिंधी. तू असतीस तर चहा न देता वाटेला लावली असतीस. मी चहा दिला, पण साखर कमी घातली.

मी सांगितलं, "ती तिची एकटीची नाय. जोडाची हाय. अर्धी माझी."

"मग अर्धी दे."

ती चहा पिऊन गेली आणि जाताना म्हणाली, "मासिकाच्या आत निकाल लाव." म्हणून लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही, शिवायची आहे. चौथीनंतर हातात पेन्सिल आली ती ताडपत्रीवर खुणा करायला. पण तुझ्याशी बोलल्याशिवाय मी कधी कापड कापलेलं नाही, आणि हे तर तुझंच कापड.

तुझं वय किती, माहेर कुठलं, किती दिवस आजारी होतीस, ते सगळं तेराव्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी इतक्या वेळा विचारलं की मला आता त्याचा कंटाळा आलाय. मला दुसरंच आठवतं. मला आठवतो तो हातखंब्याच्या दुकानातला तुझा हात.

हायवेला आपलं दुकान. पुढे मी, ट्रकच्या ताडपत्र्या, रिक्षांची हुडं आणि सीटं शिवतोय. मागे तू, लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या घालतेस. देशावरचे चौघे आले, पाठीवर ही मोठाली ओझी. त्यातल्या एकाची झोपायची पिशवी गाडीच्या दारात अडकून फाटली होती. माझ्या मशीनखाली ती घातली आणि भसकन् पिसं उडाली. ताडपत्रीच्या तेलाला चिकटली, माझ्या मिशांना चिकटली. मी शिव्या द्यायला लागलो. तू मागून आलीस, पिशवी उचललीस आणि हात तसाच हवेत राहिला.

"अवो, ही रिकामी हाय."

"रिकामी नाही काकू," तो म्हणाला, "आत बदकाची पिसं आहेत. हिमालयात बर्फात झोपतो आम्ही यात."

तू त्याला विचारलंस, "एका माणसाला निजवायला किती बदकं मारलीत?"

तो बिचारा लाजला. पिशवी शिवून घेऊन ते गेले. संध्याकाळपर्यंत तू गोधडीला टाका घातला नाहीस. तळहात वर करून बसली होतीस, जणू अजून काहीतरी त्यावर ठेवलेलं आहे. दुकान बंद करताना म्हणालीस, "सावर चालंल."

मला कळलंच नाही काय चालेल ते. मी म्हटलं, "कसली सावर?"

"उशीत घालतो ती. पिसाच्या वर हलकी."

तिथून हे खूळ सुरू झालं. मी त्याला खूळच म्हणत होतो, तोंडावर म्हणत होतो, तुला माहीत आहे.

चैत्रात कातळाच्या कडेच्या सावरीची बोंडं फुटायच्या आत आकडीनं पाडायची. मग ती आपल्या जुन्या मच्छरदाणीत कोंडून उन्हात ठेवायची. दुपारी बोंडं तडकायला लागली की आतल्या आत कापूस फुलायचा, एक धागा बाहेर जायचा नाही. मग तू मच्छरदाणीच्या आत शिरून बिया वेगळ्या करत बसायचीस, तोंडाला पदर बांधून, दर मिनिटाला शिंक. मी ओटीवरून बघायचो. सगळ्या वाडीत डास बाहेर आणि माणसं मच्छरदाणीत. आपल्याकडे मच्छरदाणीत भर दुपारी पांढरी झालेली बायको. मी म्हटलं, "गो, तू म्हातारी कधी झालीस?" तू आतून म्हणालीस, "तुम्ही तिकडं बसून हसताय तवापासनं."

कापड मात्र तू असं शोधलंस की माझं हसू थांबलं. पाऊस संपला की आपल्याकडे घराघरात मोडक्या छत्र्या. तू सगळी वाडी फिरलीस. लोकांना वाटलं आपण भंगाराचा धंदा काढला. काड्या त्यांना परत, कापड तुला. रिठ्यात धुतलेल्या त्या छत्र्यांच्या तिकोनी कळ्या दांडीवर वाळत घातल्यास तेव्हा अंगणात वटवाघळं लटकल्यासारखी दिसली. एक कळी उलट, एक सुलट, जोडत गेलीस तर सरळ पट्टा तयार. वारा आत शिरत नाही, आणि वजन म्हणशील तर नाहीच. बहुतेक काळ्या, मध्येच एखादी फुलाफुलांची, एक त्या विमा एजंटाची जाहिरातवाली. ती जाहिरात तू माझ्या बरोबर पोटावर येईल अशी लावलीस. योगायोग म्हणालीस. मी अजून मानत नाही.

पहिली झाली तेव्हा तिचं नाव काय ठेवायचं यावर वाद. रजई म्हणावी तर रजई जड. गोधडी तर नव्हेच. तू नुसतं 'हलकी' म्हणालीस आणि तेच राहिलं. वाण्याकडे जाऊन एका पारड्यात हलकी आणि दुसऱ्यात सोललेले नारळ. दोन नारळ ठेवले तर हलकी वर गेली. वाणी म्हणाला, "आत काय भरलंय, काकी?" तू म्हणालीस, "काय नाय." खोटंही नव्हतं ते.

आणि टाका! गोधडी घालणारी बाई तू. तांदळाच्या दाण्याएवढा धावदोरा, ओळीला ओळ चिकटलेली. वाडीतल्या बायका बघायला आल्या. तुझी मान ताठ.

पण थंडी आणायची कुठून? हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या रत्नागिरीत मार्गशीर्षातसुद्धा पंखा लागतो. हलकी अंगावर घेऊन मी पडवीत आडवा झालो, चणे भाजायला लागतात तेवढ्या वेळात घामाघूम. तू विचारलंस, "ऊब येते?" मी म्हटलं, "ऊब न घेताच येते इथं."

मग तुझ्या डोक्यातून जे निघालं ते ऐकून मी हातातली कात्री खाली ठेवली.

"बंदरावर बर्फाचा कारखाना हाय ना?"

मासळीच्या गाड्यांच्या ताडपत्र्या मी शिवायचो, म्हणून तिथला फोरमन ओळखीचा. त्याला आधी वाटलं आपण बर्फ न्यायला आलोय, घरात लग्न असेल. तू काखेतली हलकी दाखवून कारण सांगितलंस. तो माझ्याकडे बघायला लागला. मी समुद्राकडे बघायला लागलो.

"काकी, इथं बांगडे निजतात. माणसं नाय."

"बांगडे मेलेले असतात बाबा. त्यांना काय कळतंय थंडी वाजते की नाय? मी जिती हाय. मी सांगन."

त्याने लाद्यांच्या मध्ये दोन फळ्या टाकून दिल्या. तू साडीवर माझा जुना स्वेटर चढवलास, कानाला रुमाल बांधलास आणि हलकी गुंडाळून आत जाऊन पडलीस, एखाद्या राणीसारखी. दार लोटलं. बाहेर आम्ही दोघं पुरुष घड्याळाकडे बघत. तो म्हणाला, "पाच मिनटं." मी म्हटलं, "तीन." आतून तुझा आवाज आला, "धा!"

दहा मिनिटांनी बाहेर आलीस तेव्हा ओठ निळे, नाक लाल आणि अंगाला मासळीचा वास. मला वाटलं आता रडशील. तू पहिलं काय बोललीस, आठवतं?

"टाक्यातनं येते."

धक्क्यावर उन्हात बसलीस आणि वाळूत बोटानं ओळी काढून मला दाखवल्यास. जिथे जिथे टाका, तिथे तिथे थंडीची रेघ. पाठीवर, पोटावर, मांडीवर. जितका बारीक टाका, तितकी जास्त थंडी. तू म्हणालीस, "गोधडीत जुनी लुगडी असतात. दाबली तरी लुगडीच राहतात. सावर दाबली की मेली. तिच्यात जो वारा कोंडलेला असतो तोच ऊब देतो, आणि मी तो सगळा शिवून काढून टाकला."

तो टाका तू तुझ्या आईकडून शिकलीस, आपल्या लेकीला, रंजूला शिकवलास, वाडीतल्या अर्ध्या मुलींना शिकवलास. ज्या टाक्यासाठी लोक तुला मानत होते तोच इथे चूक ठरला. घरी आल्यावर तू सगळा उसवलास. तीन दिवस. मी आपला शहाणपणा करायला गेलो, "राहू दे ना गो, आपल्याला कुठे बर्फात निजायचंय?"

"निजायचंय," म्हणालीस. मान वर न करता.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही नुसती शिवायचा छंद करत नाही. हिला कुठेतरी जायचंय. लग्न झाल्यापासून घर, दुकान, घर. एकदा गुहागरला समुद्र बघायला नेली होती, तेही समुद्राजवळच्या बाईला. आणि हिच्या मनात थंडी! मी विचारलं, "कुठं?" तू म्हणालीस, "रंजूच्या वरती." आपली रंजू पोफळीला दिलेली, जावई तिथल्या वीजघरात. तिच्या घरासमोर घाट चढतो, आणि वर सड्यावर, त्या उघड्या माळावर, पौषात गवतावर दहिवर पडून पांढरं होतं, असं रंजूनेच कधीतरी सांगितलेलं. तू ते लक्षात ठेवून बसली होतीस.

पुढची अक्कल मात्र माझी, हे कागदावर राहू दे. रिक्षाच्या सीटला वरचं कापड आणि खालचं कापड एकमेकांना टाचत नाहीत, मध्ये उभी पट्टी लावतात. तसंच केलं, आणि तशा दोन केल्या, एक तुझी, एक माझी. वरचं कापड, खालचं कापड आणि मध्ये चार चार बोटं उंचीच्या मच्छरदाणीच्या जाळीच्या उभ्या पट्ट्या. लांब लांब कप्पे झाले. प्रत्येक कप्प्यात सावर सैल, मोकळी, फुगलेली. टाका दोन्ही कापडांतून आरपार कुठेच जात नाही. तू म्हणालीस, "एवढी वर्षं सीटं शिवलीत, आज उपयोग झाला." ह्याला मी शाबासकी समजलो.

पाठीखाली सीटचा उरलेला फोम, खांद्यापासून कमरेपर्यंतच. पायाखाली रिकामी पिशवी. तू म्हणालीस, "अंगाखाली सावर दबते, मग ती खाली कशाला वाहायची? खाली फोम, वर हलकी." बरोबर होतं ते. पायाकडे मात्र खोळ शिवून बंद केलीस, गुडघ्यापर्यंत, म्हणजे पाय बाहेर पडायचे नाहीत.

पहिल्यांदा वर गेलो त्या वेळी रंजूने जो तमाशा केला! "आई, कॉलनीत लोक काय म्हणतील? जावयाचं घर सोडून सासू-सासरे डोंगरावर निजतात. त्यांना वाटेल मी हाकलून दिलं." तू म्हणालीस, "मग सांग त्यांना, हाकलून दिलं म्हणून. आमी काय नाय बोलणार." जावई भला माणूस. त्याने घाटाच्या वरपर्यंत स्कूटरवर दोन फेऱ्या मारून सोडलं, भाकरी आणि सुक्या बोंबलांचा डबा दिला आणि बायको काय म्हणेल या भीतीने पळाला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागा झालो तर आतून ओला. पार ओला. मला आयुष्यात एवढी लाज वाटली नसेल. तू उठून बसलीस, माझ्याकडे बघितलंस, हलकी चाचपलीस आणि हळूच विचारलंस, "अवो, वाईट वाटून नका घेऊ, पण तुम्ही रात्री...?"

"काय तरीच काय!" मी ओरडलो. सड्यावरची टिटवी उडाली.

मग तुझा हात अस्तराच्या आत गेला आणि प्लास्टिक लागलं. मी तुला न विचारता माझ्या हलकीला आतून ताडपत्रीचं पातळ प्लास्टिक लावलं होतं. दहिवर लागायला नको म्हणून. ताडपत्री शिवणाऱ्याला दुसरं काय सुचणार? मालावर ताडपत्री टाकली की माल कोरडा, एवढंच मला माहीत. घामाला बाहेर जायला वाटच नव्हती, तो आतल्या आत सगळा भिजवून मोकळा.

तू म्हणालीस, "माणूस म्हणजे काय सिमेंटची गोणी हाय?" आणि हसायला लागलीस. पोट धरून हसलीस. गवत पांढरं झालेलं, त्यावर ऊन येत होतं, तुझ्या तोंडातून वाफ निघत होती, आणि ती वाफ बघून तू आणखी हसलीस, कारण आपल्या तोंडातून वाफ निघते हे तू पहिल्यांदाच बघत होतीस. मग मुद्दाम हा... हा... करत बसलीस. मी ओल्या लेंग्यात कुडकुडत तुझ्याकडे बघत होतो. मला तेव्हा वाटलेलं मी बोललो नाही. आता बोलतो. तू फार छान दिसत होतीस.

मग दर पौषात. लोक महाबळेश्वरला जातात, आपण रंजूच्या वरती. रंजू एकदाही वर आली नाही. खालून डबा पाठवायची आणि फोनवर ओरडायची.

आता त्या वादाकडे येतो. टाळता येणार नाही.

तीन वर्षांनी मी म्हटलं, दोन वेगळ्या कशाला, जोडाची एकच कर. हिशेब सांगितला: दोन हलक्या म्हणजे जवळजवळ चार नारळ, जोडाची केली तर तीनात भागेल. पाठीवर वाहायचं मलाच असतं. हे सगळं खरं होतं, पण पुढे केलेलं होतं. सरळ सांगायचं तर त्या उघड्या सड्यावर मला एकटं वेगळं निजायला आवडत नव्हतं. ते बोललो नाही. नारळ सांगितले.

तू म्हणालीस, "नको. तुम्ही घोरता. लोळता. पांघरूण ओढता."

"मी ओढत नाय."

"सगळा गाव सांगंल, तुम्ही ओढता."

"गावाला काय माहीत?"

महिनाभर हे चाललं. शेवटी त्या दोन्ही उसवून तू केलीस जोडाची. ज्येष्ठाच्या तोंडाला माझ्याकडे ताडपत्र्यांची घाई असते तेव्हा एकटीनं बसून केलीस, मला हातसुद्धा लावू दिला नाहीस. मला वाटलं रागानं. आणि त्यानंतर सात पौष, दर सकाळी उठलीस की पहिलं वाक्य, "ओढलीत. माझी पाठ उघडी पडली." आणि माझं पहिलं वाक्य, "नाय ओढली." शपथ घेऊन सांगायचो. तू म्हणायचीस, "झोपेतल्या माणसाची शपथ काय कामाची?" भाकरी खाईपर्यंत भांडायचो. लोकांचा दिवस चहाने उजाडतो, आपला त्या भांडणाने उजाडायचा.

गेल्या भाद्रपदात तू म्हणालीस, "ह्या वर्षी मी ती अर्धी अर्धी करून टाकते." मी चिडलो. खरंच चिडलो. "हात लावलास तर बघ," म्हटलं. दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुला ताप आला, मग दोन महिने दवाखाना, मग पुढचं सगळं. दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसून होतो तरी त्या विषयावर बोललो नाही. 'बरं, कर अर्धी' एवढे तीन शब्द. तोंडात होते. बरी झालीस की घरी गेल्यावर सांगू, असं म्हणत राहिलो.

तर आक्का दारात उभी. देऊन टाकू म्हणतेय. आणि मला पौषात वर जायचंय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी जोडाची हलकी काखेत मारून बंदरावर गेलो. फोरमन आता पिकलाय. मला बघितलं, तुझं कळलेलं होतं त्याला, त्याने फळ्या टाकल्या. आत जाऊन पडलो. मला वाटलं होतं एवढी मोठी हलकी, एकट्याला तर ऊबच ऊब. कसलं काय! थंडी बाजूनं येत होती. ज्या बाजूला तू असायचीस तिकडून. एका माणसाच्या अंगाने दोन माणसांची जागा तापवायची म्हणजे ती तापत नाही. दुमडून बघितली तर पायाकडची खोळ शिवलेली, तिचा बोंगा होतो आणि वरची अंगावरून घसरते. दार उघडून फोरमन म्हणाला, "काका, लादी आणून ठेवू काय पलीकडं? सोबतीला?" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. तुला आवडला असता तो विनोद.

म्हणजे दोनच वाटा. एक, आक्काचं ऐकून देऊन टाकायची. दोन, कापून एकट्यापुरती करायची. न कापता ठेवून देणं ही तिसरी वाट, पण तू वापरण्यासाठी शिवलेली वस्तू कपाटात ठेवणं तुला पटलं नसतं. आणि कापायची तरी कशी? कापली तर सगळे कप्पे उघडे पडणार, तू शिंकत शिंकत निवडलेली सावर घरभर उडणार. ती मी परत गोळा करू शकणार नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितोय, चार दिवसांनी. मासिकाला रंजू आली. जेवणं झाली, माणसं गेली. मी हलकी ओटीवर पसरली. म्हटलं, "तू टोक धर. मी कडेनं उसवून एका कप्प्यातली सावर आधी काढून घेतो. मग कापू."

रंजू म्हणाली, "बाबा, राहू दे ना. आईची आहे."

"म्हणूनच उसवतोय. धर."

कडेचे चार टाके काढले आणि हात आत घातला. सावर हाताला लागली, अजून तशीच मोकळी. हात पुढे सरकवत गेलो. कप्पा ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला हवा होता. मध्येच हात अडला. पट्टी. उभी पट्टी, जिथे असायला नको तिथे. मी बाहेरून चाचपलं. तिच्या पलीकडे एक बोट रिकामं, आणि पुन्हा दुसरी पट्टी. वरपासून खोळीच्या टोकापर्यंत तशीच. कळ्यांच्या उलट-सुलट जोडात बाहेरून काही दिसत नव्हतं.

आयुष्यभर सीटं शिवलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही. द्वारके, तू जोडाची केलीच नव्हतीस. दोन केल्या होत्यास, शेजारी शेजारी, आणि मला गप्प करायला वरून एकत्र दिसतील अशा जोडल्या होत्यास. त्या एका बोटाच्या रिकाम्या जागेतून कात्री चालवली की झाल्या दोन. एक तंतू बाहेर येणार नाही. आणि 'अर्धी अर्धी करून टाकते' म्हणालीस ते म्हणून एवढं सहज! सात वर्षं मी तुला हरवल्याच्या तोऱ्यात निजत होतो.

मी हसायला लागलो. रंजूला वाटलं बाबांचं डोकं गेलं. मी तिचा हात आत घालून दाखवला. ती पण हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. मी म्हटलं, "आणखी ओली नको करू ती. कात्री दे."

कापली. सरळ गेली कात्री, बोटाच्या वाटेनं.

मग रंजूने घडी घालायला एकावर एक ठेवल्या आणि म्हणाली, "बाबा, ही मोठी आहे."

"कापताना तिरकी गेली असंल."

"नाही. बघा."

बघितलं. माझ्या बाजूची, ती विम्याच्या जाहिरातीवाली, चार बोटं जास्त रुंद. कात्री तिरकी गेली नव्हती. कापड आटलं नव्हतं. मी कळ्या मोजल्या. माझ्या बाजूला कडेनं एक पट्टा जास्त लावलेला, फुलाफुलांच्या छत्रीचा, मुद्दाम.

मी लोळतो म्हणून मला जास्त ठेवलंस. आणि मग तुझी पाठ उघडी पडायची. आणि मग सकाळी उठून माझ्यावर आळ घ्यायचीस, ओढली म्हणून! मी ओढत नव्हतो गो. तूच कापताना देऊन मोकळी झाली होतीस. हे बरोबर नाही केलंस. ऊब मला जास्त व्हायची, मी एक पाय बाहेर काढून निजायचो. थंडी तुला वाजायची.

रंजू म्हणाली, "ह्या पौषात जाणार तुम्ही?"

"जाणार."

"मी येते. आईच्या हलकीत."

मी विचारलं, "कॉलनीतले लोक काय म्हणतील?"

"सांगीन, बाबांनी हाकलून दिलं घाटावर." तुझीच पोर.

आक्का संध्याकाळी आली. अर्धी रंजूला दिली म्हटल्यावर म्हणाली, "झाला. लेकीला दिली म्हंजे घराभायेर गेली." मग रंजूची हलकी हातात घेऊन बघितली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली, तळहात वर करून. "अरे, ह्यात हाय काय?" म्हणाली. आता तिलाही एक हवी आहे. चैत्रात बोंडं पाडायला लागतील.

गुरुवारी निघतोय. रंजूने काल तुझी हलकी घेऊन बघितली तर तिचा खांदा उघडा राहतो, तुझाच बांधा तिचा. मग मी बसलो. माझ्यातला तो फुलांचा पट्टा उसवला, त्यातली दोन बोटं कापून तुझ्या बाजूला जोडली, दोन माझ्याकडे ठेवली. टाका वाकडा आलाय, पण आरपार कुठे नाही. एकावर एक ठेवून बघितल्या. दोन्ही सारख्या.

आता बोल, कोण ओढतं ते.